प्लगपरीक्षा

महाराष्ट्रातील मालवाहतुकीचा वृत्तान्त लिहिताना बैलगाडीवरून आगगाडीवर आणि आगगाडीवरून थेट डिझेलच्या ट्रकावर येण्याची वहिवाट पडली आहे. आणि त्यामुळे या शेवटच्या दोहोंच्या मध्ये पेट्रोलच्या ट्रकांचा जो सुमारे तीन दशकांचा काळ होऊन गेला, आणि ज्या काळात या मुलखातील मोटार मिस्त्रींची पहिली पिढी घडली, तो अगदीच उपेक्षित राहिला आहे. त्या पिढीने हस्तगत केलेल्या विद्येत सर्वांत कठीण अंग होते ते बिघाडाच्या निदानाचे, आणि त्या निदानाचे प्रमुख साधन होते बोटभर लांबीचा स्पार्क प्लग. इंजिन न खोलता त्याच्या पोटात काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहण्याचा दुसरा सोपा मार्ग बहुतेकांच्या हाती नव्हता. या प्लगपरीक्षेला मी शास्त्र म्हणतो, आणि विचारपूर्वक म्हणतो. कारण निरीक्षण, तुलना आणि अनुमान ही शास्त्राची तिन्ही अंगे तिच्या ठायी होती, आणि ज्यांनी ती आत्मसात केली त्यांतल्या पुष्कळांना कंपनीने छापलेले इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हते.

1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला आणि पेट्यांतून आलेल्या सुट्या भागांपासून तेथे उभे राहिलेले शेवर्ले ट्रक देशावरच्या रस्त्यांवर दिसू लागले. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली, आणि क्रायस्लरशी झालेल्या करारान्वये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ही नावे प्रचारात आली. परंतु खरी गर्दी झाली ती दुसरे महायुद्ध संपल्यावर. लष्कराने जादा ठरवून लिलावात काढलेले फोर्ड आणि शेवर्ले ट्रक, ज्यांतले पुष्कळ कॅनडात बांधलेले होते, ‘डिस्पोजलचा माल’ या नावाने बाजारात आले आणि जेमतेम भांडवलाच्या माणसालाही ट्रकमालक होणे शक्य झाले. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी पहिली एस.टी. धावली ती बेडफर्ड बनावटीची होती. शेवर्ले, डॉज, बेडफर्ड या गाड्यांत एका ओळीत सहा सिलिंडर, तर फोर्डच्या व्ही-आठमध्ये दोन बाजूंना चार-चार. म्हणजे एका गाडीमागे सहा किंवा आठ प्लग.

प्लगाचा स्वतःचा इतिहास याहून जुना आहे. 1860 साली पॅरिसमध्ये लेन्वार याने आपल्या गॅसच्या इंजिनात विजेच्या ठिणगीने ज्वलन साधले होते. मात्र नंतरच्या दाइमलरसारख्या यंत्रज्ञांनी बाहेरून तापवलेल्या नळीवर भिस्त ठेवली, आणि ठिणगीचे राज्य खऱ्या अर्थाने सुरू झाले ते 1902 मध्ये, रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला तेव्हा. अवघड जागा होती ती मधल्या तारेभोवतीच्या आवरणाची. हजारो व्होल्टची वीज अडवून धरावी, ज्वालेत तापावे आणि पुढच्याच क्षणी थंड पेट्रोलचा मारा सोसावा, हे चिनी मातीला झेपेना. म्हणून इंग्लंडमधील काही उत्तम प्लगांत अभ्रकाच्या चकत्या वापरीत, आणि त्या काळी जगाला उत्तम पत्री अभ्रक पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता. कोडरमा आणि नेल्लोर येथील खाणींतले अभ्रक विलायतेला जाऊन प्लगाच्या रूपाने पुन्हा याच देशात परतत असले पाहिजे, आणि ते विकत घेणाऱ्याला त्याची वार्ताही नसावी. पुढे 1930 नंतरच्या दशकात अॅल्युमिनाचे भाजलेले आवरण आले आणि अभ्रकाची सद्दी संपली.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. कसबी मिस्त्री गाडी दाराशी आल्याबरोबर प्लगाला पाना लावीत नसे. उभ्या गाडीचे इंजिन बराच वेळ मंद चालू राहिले म्हणजे निरोगी प्लगावरही काजळी धरते, आणि ती पाहून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो. म्हणून माल भरलेली गाडी चढावर चांगली रेटावी, इंजिन ओढीवर असतानाच एकाएकी बंद करावे, आणि मगच प्लग उतरवावेत. त्यापूर्वी कोणता सिलिंडर मिस मारतो हे ठरवण्यासाठी लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकेका प्लगाचे टोक इंजिनच्या अंगाला टेकवून त्याची ठिणगी तोडीत. ज्याची ठिणगी तोडल्यावर इंजिनची लय ढळते तो सिलिंडर कामाचा. ज्याची तोडल्यावर काहीच फरक पडत नाही तो आधीच स्वस्थ बसलेला. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरात बसवून पाहिला आणि मिसिंग त्याच्याबरोबर तिकडे गेले, तर दोष प्लगाचा. जागच्या जागीच राहिले, तर दोष त्या सिलिंडराचा किंवा त्याच्या वायरीचा. प्रयोगशाळेतल्या पंडिताने याहून निराळे काय केले असते?

उतरवलेले प्लग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मडगार्डवर मांडून ठेवावेत, हा दंडक उमेदवार पोराला पहिल्या दिवशी सांगितला जाई. क्रम बिघडला की सारा पुरावाच नष्ट झाला. कारण एकट्या प्लगापेक्षा सहा प्लगांची ओळ कितीतरी अधिक सांगते. आवरणाच्या टोकावर भाजलेल्या रव्याचा रंग असेल तर ज्वलन यथास्थित आहे असे समजावे. सहाही प्लगांवर कोरडी, हाताला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जादा जात आहे. मग कार्ब्युरेटरचा तरंगता गोळा, चोक आणि धुळीने तुंबलेला हवेचा फिल्टर तपासावा. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेले असले तरी काजळी येते, पण तेव्हा चढावर इंजिन ठोकू लागते, आणि त्यावरून दोहोंतला भेद कळतो. एकाच प्लगावर काळे, ओलसर, चकचकीत तेल असेल तर त्या सिलिंडराच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड गेले. सर्वच आवरणे खडूसारखी पांढरी आणि फोड आलेली असतील तर हवा जास्त, पेट्रोल कमी, किंवा टायमिंग पुढे गेलेले. आणि एकच तसा असेल तर मॅनिफोल्डचे गास्केट तेवढ्या जागी हवा ओढते आहे. मागच्या सिलिंडरांचे प्लग पुढच्यांहून किंचित फिके दिसणे मात्र जाणता मिस्त्री रोग मानीत नसे, कारण थंड पाणी आधी पुढच्यांना मिळते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मंदावले तर त्यांच्या मधले हेड गास्केट फुटले असा अंदाज. आणि पाच प्लग मळलेले असताना एकच धुऊन काढल्यासारखा स्वच्छ निघाला, तर नवशिका खूश होई आणि वस्ताद चिंतातुर होई, कारण त्या सिलिंडरात पाणी उतरत असून त्याच्या वाफेने प्लग धुतला जात असे.

पेट्रोलही या परीक्षेत आपला रंग मिसळीत असे. ठोका थांबवणारे शिशाचे संयुग थॉमस मिजली याने 1921 मध्ये शोधले, ते पेट्रोलमध्ये मिसळले जाऊ लागले, आणि तेव्हापासून प्लगांवर राखाडी-पिवळसर थर दिसू लागला. भारतात 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद होईपर्यंत तो दिसत राहिला. युद्धकाळात पेट्रोलचे नियंत्रण आल्यावर गाड्यांवर लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या गॅसवर इंजिने चालवावी लागली, आणि त्या गॅसबरोबर येणारी राख व डांबर यांनी प्लग इतके माखत की ते वारंवार काढून पुसणे हा नित्यक्रमच झाला. हा गॅस सावकाश जळतो म्हणून ठिणगी अगोदर पडावी लागते, हे अनेक मिस्त्री त्या टंचाईतच शिकले असतील.

स्वच्छ करण्याचीही एक नीती होती. मोठ्या गॅरेजात दाबाच्या हवेने वाळू मारणारे यंत्र असे. ते नसेल तेथे तारेचा ब्रश. पण तारेचा ब्रश आवरणावर जोराने फिरवला तर धातूच्या बारीक रेघा उमटतात, वीज त्यांवरून परस्पर निसटते, आणि चकचकीत दिसणारा प्लग आत गेल्यावर निकामी ठरतो. उघड्या हवेत ठिणगी पडते म्हणून प्लग चांगला, हा समजही असाच फसवा. सिलिंडरातील दाबाखाली ठिणगी पडणे कितीतरी कठीण असते. म्हणून ठिणगी जिच्यातून उडते त्या फटीचे माप जबाबदार मिस्त्री फिलर गेजनेच घेई, अंदाजावर सोडीत नसे.

या विद्येला व्यवहाराचीही एक बाजू होती, आणि मिस्त्रीच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी तेथे लागे. प्लग ‘गरम’ आणि ‘थंड’ अशा दोन जातींचे मिळत: ज्याच्या आवरणाचे टोक लांब, तो उष्णता सावकाश सोडतो आणि स्वतःवरचे तेल जाळून टाकतो. रिंगा झिजलेल्या सिलिंडरात असा गरम प्लग बसवला की गाडी पुन्हा सुरळीत चालू लागते. गुळाचा किंवा कांद्याचा हंगाम ऐन भरात असताना कोणता मालक इंजिन खोलून ट्रक उभा ठेवील? तेव्हा ही तजवीज त्याच्या दृष्टीने मोलाची होती. पण ती तात्पुरती आहे, सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन घालणे टळलेले नाही, हे मालकाला स्पष्ट सांगणारा मिस्त्री आणि रोग बरा केल्याची मजुरी घेऊन मोकळा होणारा मिस्त्री, यांच्यात रस्त्यावरची माणसे बरोबर फरक करीत. पहिल्याकडे गिऱ्हाईक लांबून येई.

1954 मध्ये टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक बाहेर पडू लागले, आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सने हिंदुस्थानातील आपली जोडणी बंद केली. जुन्या बेडफर्ड-फार्गोच्या मालकांनीही पेट्रोलचे इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवण्यास प्रारंभ केला. डिझेल इंजिनात हवा दाबूनच इतकी तापते की ठिणगीची गरजच उरत नाही; मिस्त्रीचे लक्ष नोझल, पंप आणि धुराचा रंग यांकडे गेले, आणि इंजिन मोठे असूनही त्याच्या पोटाची वार्ता देणारा प्लग मात्र त्यात नव्हता. जुनी विद्या टॅक्सीवाल्यांकडे काही काळ टिकली, आणि 1960 नंतर स्कूटर घरोघर आली तेव्हा तिचा एक अंश सामान्य गृहस्थाकडेही पोहोचला: तेलमिश्रित पेट्रोलने काळा पडणारा प्लग काढून पुसणे त्यालाही जमू लागले, आणि डिकीत एक जादा प्लग तो बाळगू लागला. पण स्कूटरला सिलिंडर एकच, प्लगही एकच. त्याचा रंग पाहता येतो, मात्र त्याच्या शेजारी मांडून ताडून पाहण्यास दुसरा प्लग नाही, आणि मडगार्डवरच्या ओळीतून जे अनुमान निघत असे ते त्याच्यातून निघत नाही.