शिंद्यांच्या छावणीतला तगादा

दौलतराव शिंद्यांनी 1810 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. परंतु तत्पूर्वी फिरती छावणी हीच त्यांची राजधानी असल्यामुळे, आणि जेथे कचेरीच तंबूत तेथे निवाडा मिळाला तरी तो अमलात कोण आणणार अशी अवस्था असल्यामुळे, आपले येणे वसूल करण्याचा भार बहुधा धनकोच्याच शिरावर पडे. 1809 साली या छावणीबरोबर हिंडणाऱ्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत धरण्याची हकीकत आली आहे. पगार थकलेले शिपाई सरळ वरिष्ठांच्या तंबूशी ठाण मांडीत.

या रिवाजाची तपशीलवार रीत एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 च्या अहवालात, पेशव्यांच्या मुलखापुरती, नमूद केली आहे. ऋणको बरोबरीचा किंवा हलका असला, तर त्याला घराबाहेर पडू द्यायचे नाही, जेवू द्यायचे नाही, उन्हात बसवायचे. तोच वरचढ असला, तर प्रथम अर्जविनंत्या, मग त्याच्या उंबरठ्यावर लोळण, दाराशी आक्रोश, आणि अखेरीस उपोषण, की ज्यामुळे आतल्या धन्यालाही अन्न वर्ज्य व्हावे. स्वतः उपाशी राहणे झेपत नसेल, तर आपल्या वतीने दुसऱ्यास बसविण्याचीही सोय होती! याला न्याय म्हणणे कठीण. पण ज्या शिपायाला ना वकील ना वशिला, त्याच्यापाशी पोटाखेरीज दुसरे हत्यार तरी कोणते होते? इंग्रजी मुलखात 1860 च्या दंडसंहितेने दैवी कोपाचा धाक घालून धरलेले धरणे गुन्हा ठरविले.

ग्वाल्हेरीत 1852 पासून दिवाणगिरी करणाऱ्या दिनकरराव राजवाड्यांनी कारभारास शिस्त लावली, पुढे रीतसर अदालती आल्या, आणि उपोषणाची जागा हुकूमनाम्याने घेतली. मात्र हुकूमनाम्यालाही हद्द असते. महादजी शिंद्यांची कन्या बाळाबाई ज्या शितोळे घराण्यात दिली, त्या घराण्याच्या सरदारांनी संयुक्त प्रांतातील प्रतिवादींवर 1947 साली ग्वाल्हेरच्या न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी फिरकलेच नाहीत, आणि नोव्हेंबर 1948 मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. त्याच्या बजावणीची दरखास्त अलाहाबादेस गेली, तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आणि 1962 साली बहुमताने ठरले की ग्वाल्हेरचे न्यायालय त्या काळी अलाहाबादेच्या दृष्टीने परकीय होते, प्रतिवादींनी त्याचा अधिकार मानलेला नव्हता, म्हणून तेथे हा हुकूमनामा निष्फळ. देशभर कोठेही बजावणी व्हावी अशी तरतूद संविधानाच्या 261 व्या अनुच्छेदात आहे खरी, पण ती पूर्वलक्षी नाही.