पवनीची टेकडी कुणाची?

मध्य अमेरिकेच्या जंगलातील माया लोकांची दगडी नगरे पाहून कित्येक गोऱ्या लेखकांनी ठरवून टाकले, की हे काम इथल्या मूळनिवासींचे असूच शकत नाही. मग कुणी इजिप्तकडे बोट दाखवले, कुणी फिनिशियनांकडे. बांधणाऱ्यांचे वंशज मात्र आजही त्याच भूमीत माया भाषा बोलतात. वारसा हिरावायचा तर आधी बांधणाऱ्याचे नाव पुसावे लागते.

आमच्या विदर्भात वेगळे काय घडले? नागपूरहून उमरेड, भिवापूर ओलांडून जंगलाच्या कडेकडेने सुमारे ८० किलोमीटर गेले की वैनगंगेकाठी पवनी लागते. लोक तिला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथली ‘जगन्नाथ टेकडी’ खणली. आत निघाला बौद्ध स्तूप! नाशिकची बौद्ध लेणी ‘पांडवलेणी’ झाली, तशीच ही टेकडीही जगन्नाथाची झाली होती.

पण दगड खोटे बोलत नाही. पवनीच्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. विसमिता नावाच्या बाईचे दान आहे आणि त्यात सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची इच्छा आहे. ज्या बाईला मनुस्मृतीने स्वातंत्र्य नाकारले, तिचे नाव धम्माने दगडावर कोरले.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवरील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले, की नागपूर निवडले ते धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांमुळे. त्यानंतर तेरा वर्षांनी पवनीच्या मातीतून नागराज मुचलिंदाचे शिल्प त्याच्या नावासकट बाहेर आले. एका लेखात तर ‘नाग’ नावाचाच दाता आहे आणि त्याची ओळख आहे ‘पचनेकायिक’, म्हणजे पाचही निकायांचा जाणकार. एवढ्याने आपली वंशावळ सिद्ध होत नाही, तसा दावाही आम्ही करत नाही. पण नाग हे नाव आणि बुद्धवचनाची विद्वत्ता या भूमीत एकत्र नांदत होती, याला आता दगडाची साक्ष आहे.

म्हणून तरुणांनो, दरवर्षी दीक्षाभूमीवर येता, तसे एकदा पवनीलाही जा. मोबाइलवर फिरणारे पुराव्याविना दावे पुढे ढकलू नका. त्यांनी विरोधकांचेच काम सोपे होते. ब्राह्मी शिका, लेख स्वतः वाचा. ज्याला आपल्या पूर्वजांचे अक्षर वाचता येते, त्याच्या टेकडीला दुसरा कुणी नाव देऊ शकत नाही.

जय भीम!