कपाळावरचे उंचवटे आणि इतिहासाची तारीख

उर्दूत इतिहासाला 'तारीख' म्हणतात. मराठीत तारीख म्हणजे दिनांक. या दोन्ही भाषा शिकवताना मला हा शब्द फार उपयोगी पडतो, कारण तारखा आणि तपशील सांभाळले नाहीत तर इतिहास हातून निसटतो. याचे एक उत्तम उदाहरण मला 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञान मालिकेत सापडले.

ही मालिका सप्टेंबर 1966 मध्ये सुरू झाली. लेखकांनी तारखेची अडचण आधीच ओळखली होती. म्हणून त्यांनी 'स्टारडेट' नावाचे आकडे वापरले, ज्यावरून नेमके साल कळतच नाही. तरी चुका झाल्याच. सुरुवातीच्या एका भागात कप्तान कर्कच्या नावाने खोटी कबर उभी राहते. तिच्यावर 'जेम्स आर. कर्क' असे कोरलेले दिसते. पुढे तोच कप्तान कायमचा 'जेम्स टी. कर्क' झाला. तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते. भाग एकदा पाहिला की गेला, असाच समज होता. पण सत्तरच्या दशकात मालिका पुन्हा पुन्हा दाखवली गेली. प्रेक्षकांनी भागांच्या, पात्रांच्या, ग्रहांच्या सूच्या केल्या. बीजो ट्रिंबल यांची अशी सूची तर 1976 मध्ये पुस्तकरूपाने बाजारात आली. प्रेक्षकांची आठवण आता निर्मात्यांपेक्षा पक्की झाली होती.

सगळ्यात मोठी तफावत क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीची. मूळ मालिकेत ते जवळपास माणसांसारखेच दिसत. 1979 च्या चित्रपटात त्यांच्या कपाळावर ठळक हाडांचे उंचवटे आले आणि पुढे तेच रूप रूढ झाले. असे का झाले, हे कथेत कोणीच सांगेना.

1996 मध्ये मालिकेला तीस वर्षे झाली. त्या निमित्ताने 'डीप स्पेस नाईन' या मालिकेतील पात्रांना 1967 च्या एका जुन्या भागात नेण्यात आले. जुने सेट बारकाईने पुन्हा उभारले, जुन्या चित्रणात नवे नट मिसळले. 1967 मध्ये हेराचे काम करणारा चार्ली ब्रिल हाच नट त्याच भूमिकेत परत आला. पण जुन्या क्लिंगॉनांची कपाळे कोणी बदलली नाहीत. सोबतचे लोक अचंब्याने पाहतात, अंदाज बांधतात. वॉर्फ हा क्लिंगॉन मात्र हा विषय आम्ही परक्यांशी बोलत नाही, एवढ्यावर तो मिटवतो. तफावत लपवली नाही, मान्य केली. 2005 मध्ये 'एंटरप्राइझ' या मालिकेने अखेर कारण दिले: जनुकांशी केलेल्या खटपटीतून पसरलेली विषाणूची साथ. चित्रपट आल्यावर 26 वर्षांनी दुवा जुळला.

हे मला आवडते, पण इथेच थांबून विचार करायला हवा. कथाकाराला मागाहून साथ पसरवता येते. इतिहास सांगणाऱ्याला तो हक्क नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल काही बखरींत 1627 येते, तर जेधे शकावली आणि 'शिवभारत' यांच्यावरून 1630 ठरते. अभ्यासकांनी दोन्ही सालांना जोडणारी गोष्ट रचली नाही. कोणते साधन जुने, कोणते विश्वासार्ह, हे तपासत ते वर्षानुवर्षे वाद घालत राहिले. आज शासकीय जयंती 19 फेब्रुवारी 1630 या तारखेनुसार होते.

आज मोबाईलवर इतिहासाच्या नावाने जे फिरते, त्यात बहुधा दुवेच रचलेले असतात. दोन घटनांमधली मोकळी जागा कोणीतरी आपल्या मनाजोगती भरतो. मग एखाद्या बादशहाला किंवा राजाला आणि त्याच्या नावाने आजच्या एका अख्ख्या समाजाला उत्तर द्यावे लागते. मालिकेतील कपाळ चुकले तर प्रेक्षक हसतात. इथे चुकले तर शेजाऱ्याशी बोलणे बंद होते. म्हणून मी वर्गात मुलांना सांगतो: तफावत दिसली तर वहीत दोन्ही तारखा लिहा, प्रत्येकीपुढे ती कुठून आली ते लिहा, आणि पुरावा नसेल तिथे जागा कोरी सोडा.