'नमुना फेल' म्हणजे काय? किराणा-फरसाणाचे दुकान, घरचा फराळ आणि खाद्यसुरक्षा तपासणी

राखीपासून दिवाळीपर्यंत इंदूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक भागात पथक गेले, मावा, शेव, बेसन, तूप यांचे नमुने घेतले. काही आठवड्यांनी दुसरी बातमी येते, 'इतके नमुने फेल'. या दोन बातम्यांच्या मध्ये काय घडते आणि 'फेल' या शब्दात नेमके काय दडलेले असते, हे गिऱ्हाइकांना माहीत नसते. बऱ्याच दुकानदारांनाही नसते.

हा लेख लिहायला निमित्त झाले ते आपल्याच एका सभासद कुटुंबाच्या दुकानाचे. किराणा, फरसाण, भाजणी, मेतकूट, उपासाचे पदार्थ असे आपल्या घरोघरी जाणारे हे दुकान. राखीच्या मोहिमेत तिथून मेतकुटाचे पाकीट नमुना म्हणून नेले. नवरात्रात 'फेल'च्या यादीत दुकानाचे नाव छापून आले. दोष एवढाच होता की पाकिटावर बॅच क्रमांक आणि तयार केल्याची तारीख नव्हती. मेतकुटात काहीही मिसळलेले आढळले नव्हते. पण गल्लीत 'भेसळ पकडली' असेच पसरले आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी एकेक करून रद्द झाल्या. रद्द करणाऱ्यांत आपलेच सभासद होते, हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे.

आज जो कायदा लागू आहे तो खाद्यसुरक्षा व मानके अधिनियम, २००६. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडला. जुन्या कायद्याचा सगळा भर 'भेसळ' या एका शब्दावर होता आणि आपल्या बोलण्यात अजून तोच शब्द आहे. नव्या कायद्याने दोषांच्या पायऱ्या वेगळ्या केल्या. कायदा केंद्राचा असल्यामुळे इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव, हैदराबाद, पणजी सगळीकडे नियम तेच. फक्त कार्यालयाच्या पाट्या बदलतात. महाराष्ट्रात व गोव्यात ते अन्न व औषध प्रशासन, आपल्याकडे खाद्य एवं औषधि प्रशासन.

मोठा घोळ शब्दांचा आहे, म्हणून ते आधी पाहू. विश्लेषकाच्या अहवालात 'फेल' असा शेरा नसतो. दोष प्रामुख्याने तीन प्रकारांत मोडतो. पहिला मिथ्याछाप, म्हणजे वेष्टनावरची माहिती अपुरी, चुकीची किंवा दिशाभूल करणारी. मेतकुटाचे पाकीट यात बसले. यासाठी कलम ५२ खाली ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरा अवमानक, म्हणजे पदार्थ ठरलेल्या दर्जाला उतरत नाही, पण त्यामुळे तो खाण्यास घातक ठरत नाही. दुधात पाणी किंवा स्निग्धांश कमी असलेला मावा ही नेहमीची उदाहरणे. कलम ५१ खाली दंड ५ लाखांपर्यंत. तिसरा असुरक्षित, म्हणजे आरोग्याला अपायकारक. बेसनात किंवा हळदीत मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग सापडला की तो इथे येतो. फक्त या तिसऱ्या प्रकारात कलम ५९ खाली फौजदारी खटला आणि तुरुंगवासाची पाळी येते. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास शिक्षा किमान सात वर्षे, जन्मठेपेपर्यंत आणि दंड किमान १० लाख. पहिल्या दोन प्रकारांचा निवाडा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा न्यायनिर्णय अधिकारी करतो. दंड ठरवताना किती फायदा झाला, कुणाचे नुकसान झाले, चूक पहिलीच आहे का आणि ती अजाणता झाली का, हे त्याला विचारात घ्यावे लागते. वर्तमानपत्रातल्या यादीत मात्र हे तिन्ही प्रकार एका ओळीत बसतात. तेव्हा अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच विचारावा, तिघांपैकी कोणता?

आता प्रत्यक्ष तपासणी. खाद्यसुरक्षा अधिकारी दुकानात किंवा कारखान्यात येऊन पाहणी करू शकतो, नमुना घेऊ शकतो आणि संशय असल्यास माल जप्त करू शकतो. नमुना तो फुकट नेत नाही. नेहमीच्या विक्रीच्या दराने पैसे देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. विश्लेषणासाठी नमुना घेत असल्याची लेखी सूचना तो देतो आणि कारवाईच्या वेळी साक्षीदार बोलावून त्यांच्या सह्या घेतो. नमुन्याचे चार भाग होतात, प्रत्येक भागावर सील लागते. एक भाग विश्लेषकाकडे, दोन अभिहित अधिकाऱ्याकडे (महाराष्ट्रात यांना पदनिर्देशित अधिकारी म्हणतात) राखीव. चौथ्याविषयी आपल्या दुकानदारांना जवळपास कुणालाच माहिती नव्हती. दुकानदाराने मागणी केली तर तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. खर्च दुकानदाराचा. दोन अहवाल जुळले नाहीत तर राखीव भाग निर्देशित म्हणजे रेफरल प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निर्णय अंतिम. मागणी नमुना घेतानाच आणि लेखी करावी. गोंधळलेल्या माणसाला त्या क्षणी हे सुचत नाही, म्हणून ते आधीच ठाऊक असलेले बरे.

विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा असे कायदा म्हणतो. अहवाल मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अभिहित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. वर सांगितलेल्या कुटुंबाने ही मुदत घाबरून आणि लाजेपायी घालवली. त्यांच्या प्रकरणात अपिलाने फार फरक पडला नसता, कारण तारीख खरोखरच छापलेली नव्हती. पण प्रत्येक वेळी तसे नसते.

तपासणी म्हणजे केवळ नमुना नव्हे. नियमावलीच्या अनुसूची ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत. पाणी पिण्यायोग्य हवे, माल जमिनीपासून वर आणि भिंतीपासून सुटा ठेवलेला हवा, कचऱ्याचा डबा झाकलेला, हाताला जखम किंवा संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्न हाताळू नये, वगैरे. यात उणीव आढळली तर अधिकारी सहसा आधी सुधारणा नोटीस देतात. ती मुदतीत पूर्ण केली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. फरसाणवाल्यांकडे तेलही पाहतात. तळून तळून तेलातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचे नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. काळपट, फेसाळ, चिकट झालेले तेल डोळ्यांनाही कळते, यंत्र लागत नाही. सुटी मिठाई विकणाऱ्याने ट्रेसमोर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' अशी पाटी लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचे झाले. बिलावर १४ अंकी खाद्य परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचे आहे.

दुकानदार सभासदांना एक विनंती, आणि ही आम्ही जरा आग्रहाने करतो. घाऊक बाजारातून घेतलेल्या प्रत्येक मालाचे बिल मागा आणि जपून ठेवा. कलम २६ नुसार उत्पादकाने किंवा वितरकाने विक्रेत्याला मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यावी लागते, आणि बिल हीच हमी मानली जाते. सुटी हळद, हिंग, बेसन चार पैसे वाचवून बिलाशिवाय आणले आणि त्यात रंग निघाला, तर मागचा माणूस नामानिराळा राहतो आणि गल्ला सांभाळणारा अडकतो.

घरून चकली, अनारसे, पुरणपोळी, मसाले विकणाऱ्या भगिनींचा नेहमीचा प्रश्न असतो, 'आम्ही कुठे दुकान थाटलंय?' कायद्याला दुकानाशी देणेघेणे नाही, विक्रीशी आहे. २०११ च्या नियमावलीनुसार वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला परवाना नको, पण नोंदणी हवी, आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरले. मर्यादा व शुल्क वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज करताना 'फॉस्कॉस' या केंद्रीय संकेतस्थळावर चालू आकडे पाहून घ्यावेत. अर्ज घरबसल्या होतो. नोंदणी करून घ्या, कारण तक्रार झाली तर नोंदणी नसणे हाच पहिला दोष ठरतो, चकली कितीही खुसखुशीत असली तरी. आणि पाकीट बंद करून विकत असाल तर त्यावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, बॅच, तयार केल्याची व संपण्याची तारीख आणि शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका हवा. शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांसारख्या अॅलर्जीच्या घटकांचा वेगळा उल्लेख करावा. मेतकुटात गहू असतो हे किती पाकिटांवर लिहिलेले असते?

मंडळाचा महाप्रसादही याच कक्षेत येतो, हे ऐकून कार्यकारिणीतल्या काहींना धक्का बसला होता. छोट्या व्यावसायिकाच्या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्नवाटप करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. केटरर मात्र त्यात येत नाही, त्याची नोंदणी किंवा परवाना स्वतंत्र हवा. तेव्हा आचारी ठरवताना त्याच्याकडचा १४ अंकी क्रमांक विचारावा. स्वयंपाकात खरा धोका वेळेचा असतो. सकाळी दहाला शिजवलेला मसालेभात दुपारी तीनपर्यंत कोमट पडून राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. गरम पदार्थ किमान ६० अंश सेल्सिअसवर, थंड पदार्थ ५ अंशांखाली, ही अनुसूचीतली अट आहे. मोठ्या पातेल्याऐवजी दोन टप्प्यांत भात टाकणे हा सोपा उपाय, आणि आचारी त्याला कुरकुरतातच.

गिऱ्हाइकालाही अधिकार आहे. कलम ४० नुसार कोणीही विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगायचे. दोष निघाला तर शुल्क परत मिळते. घरी करण्यासारखी एक चाचणी माव्याची. थोडा मावा पाण्यात उकळून गार करावा आणि आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्ट मिसळलेले आहे. ही चाचणी पुरावा म्हणून चालत नाही, पण तक्रार करावी की नाही हे ठरवायला उपयोगी पडते. तक्रारीसाठी केंद्रीय प्राधिकरणाचा निःशुल्क क्रमांक १८०० ११ २१०० आहे, आणि मध्य प्रदेशात १८१ वरही ती नोंदवता येते. तक्रार करताना बिल आणि वेष्टन दोन्ही हाताशी ठेवावे, उरलेला पदार्थ टाकून देऊ नये.