नाकातले बोट : दोन हजार वर्षांच्या मनाईचा इतिहास

२००१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'इग नोबेल' पुरस्कारांचा समारंभ झाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी हे पुरस्कार दिले जातात. त्या वर्षी सार्वजनिक आरोग्याचा पुरस्कार बेंगळुरूच्या 'निमहान्स' या संस्थेतील दोन मनोविकारतज्ज्ञांना मिळाला : चित्तरंजन अंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी. शाळकरी मुले नाकात बोट घालतात का, दिवसातून किती वेळा घालतात आणि त्याचे परिणाम काय होतात, हा त्यांच्या पाहणीचा विषय होता. इतरांच्या कामात नाक खुपसणारे पुष्कळ असतात, आपण मात्र इतरांच्या नाकात आपले काम खुपसले, अशा आशयाचा विनोद स्वतः अंद्रादे यांनीच केला होता. विषय हसण्यावारी गेला. पण त्या पाहणीतील आकडे हसण्यासारखे नव्हते. ते का, हे समजण्यासाठी आधी बरेच मागे जावे लागते.

नाक कोरू नये, ही शिकवण आजच्या शाळांनी शोधून काढलेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात सद्वृत्ताचे, म्हणजे चांगल्या वर्तनाचे, नियम दिले आहेत. तोंड न झाकता जांभई देऊ नये, शिंकू नये, हसू नये, असे सांगितल्यावर लगेच नाक कोरू नये हा नियम येतो. त्यापाठोपाठ दातांवर दात घासू नयेत, नखे वाजवू नयेत, उगाच जमीन उकरत बसू नये असे नियम येतात. पुढे वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्या अध्यायात हाच मजकूर थोडक्यात श्लोकबद्ध केला. या ग्रंथाचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात त्यावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३९ साली हरिशास्त्री पराडकर वैद्य यांनी संपादिलेली आवृत्ती काढली, तीत अरुणदत्ताच्या टीकेबरोबर हेमाद्रीचीही टीका छापली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा नियम वाचला आहे.

या जुन्या नियमांत दोन गोष्टी लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली, ते लहान मुलांसाठी नाहीत. आरोग्य आणि प्रतिष्ठा इच्छिणाऱ्या कोणाही माणसाला उद्देशून ते लिहिले आहेत. म्हणजे मोठी माणसेही नाक कोरत असत, हे शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते. दुसरी, मनाईचे कारण तिथे दिलेले नाही. सभ्यता आणि आरोग्य यांच्यात तेव्हा रेघ ओढलेली नव्हती. उघड्या तोंडाने शिंकणे आणि नाक कोरणे या दोन्ही गोष्टी एकाच यादीत शेजारी बसत.

युरोपात हा विषय मुलांच्या शिकवणीत ठळकपणे आला तो १५३० साली. रॉटरडॅमच्या इरॅस्मस या विद्वानाने मुलांच्या शिष्टाचारावर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते एका राजघराण्यातील मुलाला अर्पण केले. नाक टोपीला किंवा कपड्याला पुसणे गावंढळपणाचे, बाहीला पुसणे मासळीवाल्यांना शोभणारे, हाताने शिंकरून तो हात कपड्याला पुसणेही फारसे बरे नव्हे. रुमाल वापरावा आणि जवळ प्रतिष्ठित मंडळी असतील तर तोंड थोडे वळवावे, असा त्याचा उपदेश. पुस्तक अनेक भाषांत गेले आणि शाळांत वाचले गेले. समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास यांनी १९३९ साली अशाच पुस्तकांचा ओळीने अभ्यास करून दाखवले की, पूर्वी मोठ्यांना मोकळेपणाने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पुढे फक्त मुलांना सांगितल्या जाऊ लागल्या आणि अखेरीस उच्चारणेही अशिष्ट ठरले. मोठ्यांनी ही सवय सोडली नव्हती. तिच्याविषयी बोलणे तेवढे सोडले होते. लाज मात्र मुलांच्या वाट्याला आली.

मराठीतही हेच घडलेले दिसते. नाक म्हणजे अब्रू. ते कापले जाते, ते वर करून चालता येते. त्याच नाकातून वाहणारा शेंबूड मात्र पोरांच्या नावावर जमा झाला. 'शेंबडे पोरसुद्धा सांगेल' असे म्हणताना आपण मुलाच्या नाकाचा आणि अकलेचा उद्धार एकाच शब्दात करतो. वाळलेल्या शेंबडाला मेकूड म्हणतात. हा शब्द घरोघरी सर्वांना ठाऊक, पण चारचौघांत कोणी काढत नाही. नाकातून रक्त आले की 'घोळणा फुटला' म्हणतात. नाकाच्या टोकाकडच्या मऊ भागाला घोळणा हे स्वतंत्र नाव भाषेने दिले, कारण रक्त तिथूनच येते हे लोकांनी पाहिले होते.

वैद्यकाने ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात नोंदवली. दोन्ही नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे एक जाळे असते आणि बहुतेक घोळणे तिथे फुटतात, याकडे १८७९ साली न्यूयॉर्कचे जेम्स लिटल यांनी आणि १८८४ साली जर्मनीतील विल्हेल्म किसेलबाख यांनी लक्ष वेधले. हे जाळे अगदी दर्शनी भागात, लहान मुलाचे बोट सहज पोहोचेल अशा जागी आहे. त्यावरचे अस्तर पातळ असते. नख लागले की ते सोलते, खपली धरते; खपली खुपते म्हणून बोट पुन्हा आत जाते.

बोट मुळात आत का जाते, याचेही उत्तर नाकाच्या रचनेत आहे. नाकाच्या आतील बहुतेक भागावर सूक्ष्म केस असतात. धूळ आणि जंतू चिकटलेला शेंबूड ते सतत घशाकडे ढकलतात आणि तो आपण नकळत गिळतो. नाकपुडीच्या तोंडाशी मात्र ही यंत्रणा नसते. तिथे अडकलेला शेंबूड आत येणाऱ्या हवेने वाळतो, त्याचे मेकूड बनते आणि ते टोचते. स्वतःहून नाक शिंकरता न येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाजवळ त्यावर एकच साधन असते.

शेंबूड ही निव्वळ घाण आहे, हा समजही विज्ञानाने मोडला. १९२१ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी सर्दीतला शेंबूड जंतूंच्या संवर्धनावर टाकला, तेव्हा आजूबाजूचे जंतू विरघळून गेले. त्या द्रव्याला त्यांनी 'लायसोझाइम' हे नाव दिले आणि १९२२ साली तो शोध प्रसिद्ध केला. पेनिसिलिन अजून सहा वर्षे दूर होते.

एवढे सगळे होऊनही, ही सवय किती जणांना आहे हे कोणी मोजले नव्हते. १९९५ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एका परगण्यात १,००० प्रौढांना टपालाने प्रश्नावली पाठवण्यात आली. २५४ जणांनी उत्तर दिले आणि त्यांपैकी ९१ टक्क्यांनी आपण नाक कोरतो असे मान्य केले. हे वाचून अंद्रादे आणि श्रीहरी यांनी बेंगळुरूतील चार शाळांतल्या २०० विद्यार्थ्यांना तसेच प्रश्न विचारले. जवळजवळ सर्वांनी होकार दिला. दिवसातून चार वेळा ही मध्यक संख्या निघाली, ७.६ टक्के मुले दिवसातून वीसपेक्षा अधिक वेळा नाक कोरत होती. एकचतुर्थांश मुलांना त्यामुळे अधूनमधून रक्त येत होते. आणि सुमारे १७ टक्के मुलांनी सांगितले की, ही आपली गंभीर समस्या आहे असे आपल्याला वाटते. श्रीमंत वस्तीतील शाळा आणि गरीब वस्तीतील शाळा यांच्यात फरक आढळला नाही. ही सवय संस्कारांच्या अभावातून येते, या समजुतीला ही साधी पाहणी धक्का देते.

यानंतर प्रश्न उरला अपायाचा. योगायोग असा की, त्याचे एक उत्तर रॉटरडॅममधील इरॅस्मसच्याच नावाच्या वैद्यकीय केंद्रातून आले. हाइमन वर्थाइम आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले की, नाक कोरणाऱ्यांच्या नाकात 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हा जंतू आढळण्याची शक्यता अधिक असते. गळवांपासून शस्त्रक्रियेच्या जखमा चिघळण्यापर्यंत अनेक विकारांना तो कारण ठरतो. २०१८ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी ४० निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करून न्यूमोनियाचा एक प्रमुख जंतू, न्यूमोकॉकस, हातावरून आणि बोटावरून नाकात शिरू शकतो हे सिद्ध केले. हा जंतू लहान मुलांच्या नाकात सर्रास असतो आणि बहुतेकदा त्यांना काही करत नाही. पण घरातल्या आजी-आजोबांना तो महाग पडू शकतो. २०२३ साली ॲम्स्टरडॅममध्ये रुग्णालयातील २१९ कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. नाक कोरतो असे सांगणाऱ्यांपैकी १७.३ टक्क्यांना करोनाची बाधा झाली होती, न कोरणाऱ्यांपैकी ५.९ टक्क्यांना. न कोरणारे फक्त ३४ जण होते, त्यामुळे हा आकडा जपून वापरला पाहिजे. पण संपूर्ण संरक्षक पोशाख घालणाऱ्या व्यवसायातही बोट नाकात जातच होते, हे त्यातून कळते.

याउलट, नाक कोरल्याने स्मृतिभ्रंश होतो अशी जी बातमी २०२२ साली सर्वत्र फिरली, तिचा आधार उंदरांवरील प्रयोग होता. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उंदरांच्या नाकात एक जंतू सोडला आणि तो मज्जातंतूवाटे मेंदूत पोहोचल्याचे पाहिले. नाक कोरणारी माणसे त्या प्रयोगात नव्हती. मुलांना त्या बातमीने घाबरवण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षी मादागास्करच्या 'आय-आय' या निशाचर प्राण्याचेही वर्णन प्रसिद्ध झाले. तो आपले लांबलचक बारीक बोट नाकात इतके खोल घालतो की ते घशापर्यंत पोहोचते, आणि मग ते चाटतो. माकडे आणि वानरे धरून अनेक प्राण्यांत ही सवय नोंदली गेली आहे. मुलांना हे सांगून पाहावे. हसतात आणि ऐकतातही.

मग लहान मुलांचे करायचे काय? या इतिहासातून निघणारा सल्ला साधा आहे : मुलाला दोष देण्याआधी त्याचे नाक पाहावे. मे महिन्यात जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये लू वाहते किंवा नागपूर-चंद्रपूरकडे पारा चढतो, तेव्हा कोरड्या हवेत मेकूड लवकर बनते. मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब नाकात टाकले की ते मऊ होते आणि रुमालाने निघते. नखे कापलेली असावीत. एक नाकपुडी दाबून दुसरीतून शिंकरायला खेळाखेळात शिकवावे आणि त्यानंतर हात धुण्याची सवय लावावी. घोळणा फुटला तर मुलाला आडवे करू नये, मान मागे टाकायला लावू नये. पुढे वाकवून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता दाबून धरावा. तेवढ्यानेही रक्त थांबले नाही किंवा वारंवार येऊ लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर आत मणी किंवा चण्याचा दाणा अडकला असण्याची शक्यता असते. तो घरी काढू नये. सतत खाज येत असेल तर ॲलर्जीचा विचार करावा लागतो.

हातावर चापट मारणे आणि पाहुण्यांसमोर 'घाणेरडा' म्हणणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांनी सवय गेली असती, तर १९९५ साली ९१ टक्के प्रौढांनी होकार दिला नसता. लाजेने मूल एवढेच शिकते की हे लपून करायचे असते, आणि मग रक्त येत असले तरी ते सांगत नाही. बेंगळुरूच्या त्या शाळांतील १७ टक्के मुलांना ही सवय आपल्याला त्रास देते असे वाटत होते. कोणीतरी न हसता विचारले, तेव्हा त्यांनी ते सांगितले.