रिमेंबर म्हणजे काय? अर्थ, वापर आणि नेहमी होणाऱ्या चुका

'रिमेंबर' हे इंग्रजीतील रोजच्या वापराचे क्रियापद आहे. मराठीत त्याचे दोन मुख्य अर्थ होतात: आठवणे आणि लक्षात ठेवणे. हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'मेमरी' हा शब्दही त्याच घराण्यातला.

आठवणे

'आय रिमेंबर हिज नेम' म्हणजे मला त्याचे नाव आठवते. 'मला आठवत नाहीये' यावरून आपण सहज 'आय ॲम नॉट रिमेंबरिंग' म्हणून जातो. प्रमाण इंग्रजीत मात्र 'आय डोन्ट रिमेंबर' किंवा 'आय कान्ट रिमेंबर' म्हणतात.

'टू' की 'आयएनजी'?

येथे अर्थ पूर्ण बदलतो. दवाखान्यातील हे दोन प्रश्न पाहा:

- 'डिड यू रिमेंबर टू टेक द टॅब्लेट?' – गोळी आठवणीने घेतलीत ना?
- 'डू यू रिमेंबर टेकिंग द टॅब्लेट?' – गोळी घेतल्याचे आठवते का?

पहिल्याला 'नो' म्हणजे गोळी घ्यायची राहिली. दुसऱ्याला 'नो' म्हणजे फक्त आठवत नाही. गोळी कदाचित पोटात गेलेलीही असेल. हा फरक कळला नाही, तर एकच गोळी दोनदा घेतली जाऊ शकते. थोडक्यात, 'टू' म्हणजे करायचे काम, 'आयएनजी' म्हणजे होऊन गेलेली गोष्ट.

रिमेंबर, रिमाइंड आणि मिस

मराठीत तिन्ही ठिकाणी 'आठवण' हाच शब्द येतो, त्यामुळे गोंधळ होतो.

- मला उद्या आठवण करून दे – 'रिमाइंड मी टुमॉरो'. येथे 'रिमेंबर मी' चालत नाही.
- मला तुझी आठवण येते – 'आय मिस यू'. परगावी असलेल्या मुलाला 'आय रिमेंबर यू' असे लिहिले, तर 'तू कोण ते मला आठवते' असा कोरडा अर्थ निघतो.

आणखी काही उपयोग

'रिमेंबर मी टू युअर मदर' म्हणजे आईंना माझा नमस्कार सांगा. ही पद्धत आता जुनी वाटते. मृत्युपत्रात एखाद्याला 'रिमेंबर' करणे म्हणजे त्याच्यासाठी काही ठेवून जाणे. मृतांचे स्मरण करणे यासाठीही हाच शब्द वापरतात. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. त्या तारखेला ब्रिटन, कॅनडा आदी देशांत 'रिमेंब्रन्स डे' पाळतात.

बोलताना अडलात तर आधी स्वतःला विचारा: आठवते आहे, आठवण करून द्यायची आहे, की आठवण येते आहे? त्यावरून योग्य शब्द सापडेल.