मुंबईच्या रॉक संगीताच्या विस्मृत तबकड्या

मुंबई शहरात सुमारे १९६५ ते १९८५ या दोन दशकांत विजेची गिटार आणि ड्रमसंच घेऊन इंग्रजी गाणी गाणाऱ्या तरुणांचे अनेक संच उदयास आले आणि मावळले. जेट्स, सॅव्हेजेस, व्हेल्व्हेट फॉग, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट ही त्यांतील काही नावे होत. त्यांच्या गायनाच्या ज्या थोड्या तबकड्या निघाल्या त्या मराठी संगीताच्या अभ्यासकाने आपल्या मानल्या नाहीत, कारण त्या इंग्रजीत होत्या. आणि इंग्रजीच्या अभ्यासकाने त्या हाती धरल्या नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने ते अनुकरण होते. दोन घरचा पाहुणा उपाशी या न्यायाने हे साहित्य दोन्ही विद्याशाखांच्या बाहेर राहिले. आज त्यातील जे काही ऐकावयास मिळते ते संग्राहकांनी एकमेकांस दिल्याघेतल्यामुळे मिळते. या देवघेवीचा इतिहास, आणि साधन म्हणून तिची विश्वसनीयता, यांचा विचार प्रस्तुत लेखात कर्तव्य आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे तो विचार उच्चारांच्या अंगाने अधिक झाला आहे, हे आरंभीच सांगणे बरे.

प्रथम पार्श्वभूमी. १९५२ साली बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्या धोरणाचा लाभ रेडिओ सिलोनला झाला. हिंदी गीतांबरोबर पाश्चात्य लोकप्रिय गाणीही त्या केंद्रावरून मुंबईच्या घरांत पोहोचली. एका महाराष्ट्रीय मंत्र्याच्या शास्त्रीय संगीतावरील निष्ठेने गिरगाव-वांद्र्याच्या पोरांना बीटल्सच्या वाटेवर लोटले, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

तबकड्यांविषयी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. पाश्चात्य देशांत मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी १९६० च्या सुमारास संपुष्टात आली होती. हिंदुस्थानात मात्र ग्रामोफोन कंपनीच्या दमदम येथील कारखान्यात त्या तबकड्या पुढेही निघत राहिल्या, कारण चावीचे फोनोग्राफ अद्याप घरोघर होते आणि वीज सर्वत्र पोहोचलेली नव्हती. परिणाम असा झाला की बीटल्सची गाणीही येथे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघाली. त्या वेळी ज्यांचे कोणास अप्रूप नव्हते अशा त्या काळ्या, ठिसूळ तबकड्यांसाठी आज जगभरचे संग्राहक मोठी किंमत मोजतात. गरिबीमुळे टिकलेले तंत्र दुर्मिळ वस्तू निर्माण करते, याचे याहून चांगले उदाहरण आढळणे कठीण.

येथील संचांच्या स्वतःच्या गायनास तबकडीवर जागा मिळाली ती मुख्यतः सिगारेटच्या जाहिरातीमुळे. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ या छापाच्या प्रसिद्धीसाठी अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धा भरविल्या. षण्मुखानंद सभागृहात त्यांच्या अंतिम फेऱ्या झाल्या. आणि निवडक संचांच्या गाण्यांच्या ‘सिमला बीट ७०’ व ‘सिमला बीट ७१’ अशा दोन दीर्घ तबकड्या निघाल्या. त्यांवर मुंबई, मद्रास, कलकत्ता, बंगलोर येथील संच आहेत, आणि शिलाँगचा फेन्टोन्सही आहे. काही गाणी परक्यांची आहेत, तर काही स्वतः रचलेली. प्रायोजकाचा हेतू सिगारेट खपविण्याचा होता, संगीत जतन करण्याचा नव्हे. तरीही आज या दोन तबकड्या वगळल्या तर १९७० च्या सुमाराच्या भारतीय रॉक संगीताचा प्रत्यक्ष श्राव्य पुरावा फारच थोडा उरतो. कलकत्त्याहून निघणारे ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे तरुणांचे साप्ताहिक या संचांच्या वार्ता देत असे, परंतु वार्तेवरून आवाज कळत नाही.

चित्रपटसृष्टीने तर एक चमत्कारिकच दाखला मागे ठेवला आहे. १९६५ च्या ‘गुमनाम’ चित्रपटात ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ हा मुंबईचा संच पडद्यावर दिसतो, ड्रमवर त्याचे नाव वाचता येते, लक्ष्मी छाया बेभान होऊन नाचते. संगीत मात्र शंकर-जयकिशन यांचे आणि कंठ महंमद रफी यांचा. संच दिसतो, पण त्याचा स्वतःचा गळा ऐकू येत नाही. हे नृत्यगीत २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी आले, आणि त्याचे दिग्दर्शक टेरी झ्विगॉफ हे स्वतः जुन्या तबकड्यांचे संग्राहक आहेत. अशा रीतीने हे गीत परदेशात पुन्हा ‘सापडले’.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची कथा याच जातीची, पण अधिक दुःखद आहे. या संचाच्या नावावर ‘ऑब्सेशन ७७’ ही एकच दीर्घ तबकडी आहे. ती येथे फारशी कोणी ऐकली नाही. २०११ साली लॉस एंजेलिस येथील नाऊ-अगेन या छोट्या प्रकाशनसंस्थेने या संचाचे जुने ध्वनिमुद्रण पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा ती जिज्ञासूंच्या चर्चेचा विषय झाली. म्हणजे मुंबईच्या गायकांची ओळख मुंबईकरांना कॅलिफोर्नियामार्गे झाली.

या संचात गायिलेल्या नंदू भेंडे यांच्याकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष दिले पाहिजे. आत्माराम व आशा भेंडे या नाट्यक्षेत्रातील दांपत्याचे हे पुत्र. व्हेल्व्हेट फॉग, सॅव्हेजेस आणि अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या तिन्ही संचांत ते गायले. १९७४ साली अलेक पदमसी यांनी मुंबईत बसविलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मध्ये त्यांनी ज्यूडास उभा केला. आणि १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्टच्या नाटकावरून केलेल्या व जब्बार पटेल यांनी थिएटर अकादमीसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’ मध्ये तोच रॉक गायक मराठीतून गाऊ लागला. त्या नाटकात लावणी, नाट्यगीत आणि पाश्चात्य ढंग शेजारी शेजारी नांदले. माझ्या मते मराठी रंगभूमीच्या इतिहासात या घटनेचे जेवढे मोल आहे तेवढे तिला दिले गेलेले नाही. इंग्रजी गायनात घडलेला गळा मराठी शब्दांशी कसा वागतो, ‘च’ व ‘ज’ यांचे दोन दोन उच्चार तालाच्या ठोक्यावर कसे बसवितो, हे तपासावयास त्याहून सोयीचे साधन नाही. नंदू भेंडे २०१४ साली निवर्तले.

आता उच्चारांकडे वळू. पीटर ट्रडगिल या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९८३ साली ब्रिटिश पॉप गायकांच्या उच्चारांवर एक निबंध प्रसिद्ध केला. गाताना हे गायक बोलण्यातील उच्चार सोडून अमेरिकन उच्चार धरीत, असे त्याने दाखविले. स्वरानंतर येणारा ‘र’ दक्षिण इंग्लंडच्या व लिव्हरपूलच्या बोलीत लुप्त होतो. बीटल्सच्या १९६३ च्या ध्वनिमुद्रणांत तो अमेरिकन धर्तीवर पुष्कळदा उच्चारलेला आढळतो, आणि दशकाच्या अखेरीस तो जवळजवळ नाहीसा होतो. स्वतःविषयीचा विश्वास वाढला तसा परका ‘र’ गळून पडला, असा याचा थोडक्यात अर्थ.

हीच कसोटी मुंबईच्या तबकड्यांना लावू गेल्यास एक पेच उभा राहतो. मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकविला जाणारा आदर्श उच्चार ‘र’ लुप्त करणारा; घरची मराठी, कोकणी किंवा गुजराती ‘र’ स्पष्टपणे उच्चारणारी; आणि तबकडीवरून ऐकलेला अमेरिकन नमुनाही ‘र’ उच्चारणारा. तेव्हा गाण्यात ‘र’ ऐकू आला तर तो आजीकडून आला की मेंफिसहून, हे केवळ त्याच्या अस्तित्वावरून ठरविता येत नाही. त्याचा प्रकार पाहावा लागतो: जिभेचे टोक दंतमूलावर हलकेच आपटून होणारा आपला ‘र’, आणि जीभ कोठेही न टेकता मागे वळून होणारा अमेरिकन ‘र’, यांत कान तयार असल्यास भेद करता येतो. तशीच दुसरी खूण शब्दारंभीच्या प, ट, क यांची. इंग्रज ते श्वास सोडून उच्चारतो. मराठी भाषक त्यांना अल्पप्राणच ठेवतो, कारण महाप्राण म्हणजे त्याच्या लेखी निराळे व्यंजन. ‘ट’ व ‘ड’ मूर्धन्य आहेत की दंतमूलीय, आणि ओठ-दातांचा ‘व’ व दोन ओठांचा ‘व’ वेगळे राखले आहेत की नाहीत, हेही पाहावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंधिकेसाठी यात पुरेसा विषय आहे.

परंतु हे काम मूळ तबकडीवर करावयास हवे, आणि येथेच देवघेवीच्या पद्धतीतील दोष आड येतो. संग्राहक प्रत काढताना सद्‌हेतूने खरखर काढून टाकतो. ही खरखर आणि महाप्राणाचा श्वास, ‘स’-‘श’ यांचा घर्षणध्वनी, हे वरच्या कंपनसंख्यांच्या एकाच पट्ट्यात राहतात. खरखरीबरोबर आमचा पुरावाही धुऊन जातो. वेगाची गोष्ट त्याहून नाजूक. प्रत काढताना तबकडी सुमारे ६ टक्के अधिक वेगाने फिरली तर सगळे गाणे षड्जापासून कोमल ऋषभापर्यंतच्या अंतराने वर चढते. श्रोत्यास ते सहसा जाणवत नाही, परंतु स्वरांच्या मोजमापात तेवढीच चूक शिरते आणि प्रौढ गायक कोवळा भासू लागतो. शिवाय परदेशी पुनःप्रकाशक ‘विलक्षण’ तेवढेच उचलतात. विलक्षण म्हणजे त्यांच्या कानांना विलक्षण. बेताचे अनुकरण बाजूला पडते; अभ्यासकास तर तेच अधिक हवे असते.

यास्तव विनिमय करणाऱ्याने गाण्याबरोबर काय द्यावे हे सांगणे अवश्य आहे: तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या मधल्या कागदाचे छायाचित्र, अखेरच्या खाचेजवळ कोरलेला साचाक्रमांक, वेष्टनावरील सर्व मजकूर, आणि कोणतीही सफाई न केलेली एक प्रत. या शिस्तीचा वारसा आपल्याकडे आहे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने श्रवणसभा भरवून आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवून जुन्या तबकड्यांबाबत तो रुजविला; डॉ. सुरेश चांदवणकर यांचे परिश्रम त्यामागे आहेत. तिचा कल साहजिकच अभिजात, नाट्य आणि चित्रपट संगीताकडे राहिला. लोकसंगीतासाठी व मौखिक परंपरांसाठी १९८२ साली पुण्यात एक मोठे ध्वनिसंग्रहालय निघाले आणि पुढे ते दिल्लीकडे गेले. रॉक संगीत या दोहोंच्या मधल्या फटीत पडले.

सरकारी आसराही नाही. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य ठरावीक ग्रंथालयांस देणे बंधनकारक आहे; १९५६ साली वृत्तपत्रेही त्यात आली; तबकडीला तो कायदा लागू नाही. जिल्ह्याच्या गावी छापलेले लग्नाच्या मंगलाष्टकांचे चोपडे कायद्याने कलकत्त्यास जावयास हवे, आणि षण्मुखानंद गाजविणाऱ्या संचाची तबकडी चोरबाजारात गेली तरी चालते.

येथे पेठला हा विषय दूरचा वाटेल. तसा तो नाही. पेठ-सुरगाणा भागात कोकणा समाजाचे थाळगान आहे: काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने काडी उभी करावयाची, ती बोटांनी ओढून अखंड नाद काढावयाचा आणि त्यावर कथा लावावयाची. ही थाळी आणि ती तबकडी यांच्यातील साम्य केवळ रूपाचे नाही. दोन्हींचे ध्वनिमुद्रण खासगी हातांत, कॅसेटींत व दूरध्वनियंत्रांत विखुरते, आणि दोन्हींच्या भाषेविषयी ‘ही प्रमाण नव्हे’ हाच आक्षेप घेतला जातो.

गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांनी कॅसेटीचा उपयोग कसा करावा हे दाखविले. काही काळ सॅव्हेजेसमध्ये असलेल्या या गायकाने १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह शिवोली येथील आपल्या घरी चार पट्ट्यांच्या कॅसेटयंत्रावर एकट्याने मुद्रित केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन विकला. कंपनीच्या होकाराची वाट पाहिली असती तर हे गायन केव्हा बाहेर पडले असते, कोण जाणे. त्यात गोव्याच्या जीवनावर इंग्रजीतून मार्मिक टीका आहे, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जुन्या गोमंतकीय गीतांचा संग्रह काढला.

उरतो तो हक्काचा प्रश्न. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि तो निर्मात्याचा असतो. गायक-वादकांना स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हताच. तेव्हा १९७० ची तबकडी १ जानेवारी २०३१ रोजी सर्वांची होईल. तोवर तिची सार्वजनिक देवघेव परवानगीवाचून करता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने एक दार उघडले आहे: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाजवळ एखाद्या कृतीची मूळ प्रत असेल तर जतनासाठी त्याने तिची संगणकीय प्रत ठेवण्यास हरकत नाही. म्हणजे ग्रंथालयाने प्रथम तबकडी मिळविली पाहिजे. ती विकत घ्यावी, दान मागावे, रद्दीतून उचलावी. पण फडताळात हवी. १९८४ साली घरगुती यंत्रावर निघालेल्या कॅसेटीचा हक्क २०४४ च्या अखेरीस संपेल, आणि आमच्या दमट किनाऱ्यावरील फितीला बुरशी त्याच्या पुष्कळ आधी लागते.